नाशिकमधला स्विस चार्ड: एका प्लॉटचं जून ते मे

पार्श्वभूमी

स्विस चार्ड ही परदेशी पालेभाजी जिथे लावून पाहिली ती शेती नाशिकहून गिरणाऱ्याकडे जाताना गंगापूर धरणाच्या आसपास आहे. यापेक्षा जास्त पत्ता देत नाही, कारण ती शेती करणाऱ्या नवरा-बायकोनी नाव-गाव नको म्हटलंय, बाकी सगळं लिहा म्हणाले, फसलं तेही लिहा, दुसऱ्या कुणाचं बियाणं तरी वाचेल.

नवरा-बायको दोघंही पूर्ण वेळ शेतात. दादांकडे द्राक्षबाग आणि टोमॅटो, घराजवळचा अर्धा एकर भाजीपाला वहिनींचा. त्यात पालक, मेथी, कोथिंबीर, बीट, थोडं लेट्यूस असतं, आठवड्यातून दोनदा गंगापूर रोड आणि कॉलेज रोडकडच्या ठरलेल्या घरांना भाजीच्या पिशव्या जातात, उरलेला माल मार्केट यार्डात. मी भाजीपाल्यावर सल्ला द्यायचं काम करते आणि यांच्याकडे माझं जाणं-येणं जुनं आहे, त्यामुळे जूनपासून पुढच्या मेपर्यंत जे झालं ते बहुतेक सगळं जवळून पाहिलंय.

सुरुवात एका हॉटेलच्या शेफमुळे झाली. ते वहिनींकडून लेट्यूस घ्यायचे, त्यांनी विचारलं की रंगीत देठांचा स्विस चार्ड द्याल का, आठवड्याला २० किलो, वर्षभर. मुंबईहून येणारा माल त्यांच्याकडे पोचेपर्यंत मलूल व्हायचा. भाव पालकाच्या मानाने चांगलाच होता. वहिनींनी हो म्हटलं, ऑनलाइन बियाणं मागवलं, एक पांढऱ्या जाड देठाचं फोर्डहुक जायंट आणि दुसरं लाल-पिवळ्या-केशरी देठांचं ब्राइट लाइट्स, आणि जूनच्या शेवटी पाऊस जमल्यावर चार गुंठ्यांत टोकलं.

ज्यांनी चार्ड पाहिला नाहीये त्यांच्यासाठी थोडं. चार्ड म्हणजे बीटच, फक्त कंदाऐवजी पानासाठी आणि देठासाठी निवडत आणलेला. बीटा व्हल्गॅरिस या एकाच प्रजातीत बीटरूट येतं, शुगरबीट येतं, चार्ड येतो आणि आपल्या बाजारात जुडी मिळते तो देशी पालकही येतो, ऑल ग्रीन, पुसा भारती वगैरे वाणांचा. विलायती पालक मात्र वेगळा. हे नातं नुसतं माहितीपुरतं नाहीये, या प्रकरणातलं निम्मं याच्यावरच फिरलं, कारण रोग नातेवाईकांकडूनच आला.

अडचण काय झाली

उगवण झकास झाली. जुलैच्या शेवटी वीतभर पानं, देठांचे रंग बघून वहिनींनी मला फोटोंचा पाऊसच पाठवला. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात पहिली तोडणी करून माल हॉटेलला गेला, शेफ खूश. त्यानंतर झड लागली, आठवडाभर ऊन असं नाहीच, आणि वहिनींचा फोन आला की ताई पानांवर डाग पडलेत, आधी खालच्या पानांवर होते, आता वर चढतायत.

मी गेले तेव्हा प्लॉटच्या एका बाजूची जवळपास सगळी मोठी पानं ठिपक्यांनी भरलेली होती. एक पान तोडून उजेडात धरलं. ठिपका गोल, तीनेक मिलिमीटरचा, मधोमध राखाडी, कडेला जांभळट-लाल रिंगण, पेनने आखल्यासारखं. भिंगातून पाहिलं तर राखाडी भागात बारीक काळे टिपके दिसत होते, बुरशीचे बीजाणू तयार होतात ती जागा. जुन्या ठिपक्यांचा मधला भाग वाळून गळाला होता आणि पानाला भोक पडलं होतं. जिथे ठिपके दाट तिथे ते एकमेकांत मिसळून पान कडेपासून करपत चाललेलं. हा सर्कोस्पोरा, बीटवर येतो तोच, सर्कोस्पोरा बेटिकोला.

आला कुठून ते शोधायला लांब जावं लागलं नाही. चार्डच्या शेजारच्याच वाफ्यात बीट होतं, काढायला आलेलं, त्याच्या खालच्या पिवळ्या पानांवर हेच ठिपके. बीटला कुणी लक्ष देत नाही कारण विकायचा तो कंद, पानं डागाळली तरी कंद जातो. पावसाचा थेंब ठिपक्यावर आपटतो, बीजाणू उडून शेजारच्या पानावर बसतात, पान ओलं राहिलं की आत शिरतात. बांधावर चाकवतही माजलेला होता, त्याच्यावरही ही बुरशी राहू शकते.

आणि हवामान तर तिला हवं तसंच. या बुरशीला दिवसा २५ ते ३५ अंश, रात्री १६च्या वर आणि तासन् तास ओलं पान लागतं. नाशिकचा जुलै-ऑगस्ट म्हणजे नेमकं हेच. त्यात शहरातून पश्चिमेला त्र्यंबकच्या दिशेने जसजसं जावं तसा पाऊस वाढत जातो, म्हणजे गिरणारे भागात शहरापेक्षा जास्तच.

जूनमध्ये पेरायचं का ठरलं

हा पहिला निर्णय, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून त्याच्यावर थोडं थांबते. दोन गोष्टींनी जून ठरला. एक म्हणजे बियाण्याचं पाकीट. त्यावर लिहिलेलं की थंडी संपली की पेरा आणि उन्हाळाभर तोडत राहा. हे ज्या देशांसाठी लिहिलंय तिथला उन्हाळा आपल्या डिसेंबरच्या दुपारीएवढाच गरम असतो. दुसरं म्हणजे दादांचं म्हणणं, पालक येतो ना बारा महिने, मग त्याच्या या भावाला, चार्डला, काय धाड भरलीय. वरवर पाहता बरोबर वाटतं, जात एकच आहे.

पण पालक पावसात निभतो तो रोग लागत नाही म्हणून नव्हे, तो महिना-सव्वा महिन्यात उपटून किंवा कापून मोकळा होतो, ठिपके वाढायच्या आत माल बाजारात. चार्डचं तसं नाही. त्याचं पहिलं मोठं पान तोडायलाच दीड-दोन महिने लागतात आणि पुढे तेच झाड महिनोन् महिने शेतात उभं राहतं, बाहेरची पानं तोडायची, आतून नवीन येत राहतात. म्हणजे रोगाला घर मिळतं, तेही कायमचं. शिवाय पालकाच्या जुडीत दोन डागाळलेली पानं खपून जातात, चार्डचं एक पान हातभर, हॉटेलमध्ये ते अख्खं दिसतं, त्यावर ठिपका म्हणजे माल परत. जात एक असली तरी पीक घ्यायची पद्धत वेगळी, आणि रोगाचा हिशोब पद्धतीवर लागतो.

समोर कोणते पर्याय होते

दादांचा पहिला विचार अर्थातच फवारणीचा. द्राक्षवाला माणूस, ढग दिसले की पंप बाहेर काढायची सवय, डाऊनी-भुरी या द्राक्षावरच्या बुरशीरोगांशी आयुष्यभर झगडलेला. ते दुकानातून दोन बुरशीनाशकं विचारूनही आले होते. आम्ही बांधावर बसून यावर बराच वेळ बोललो. मी त्यांना विचारलं, दादा, द्राक्षाला शेवटचा स्प्रे आणि काढणी यात तुम्ही किती दिवस सोडता, रेसिड्यूचा, म्हणजे मालात उरलेल्या औषधाचा, रिपोर्ट खराब आला तर काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. इथे तर दर आठ-दहा दिवसांनी तोडणी आहे आणि पानच खायचंय. बाटल्यांचे फोटो पाहिले, एकाही लेबलवर या पिकाचं नाव नव्हतं, म्हणजे किती दिवस थांबायचं ते सांगायलाही कुणी नाही. दादा म्हणाले, मग नको, माझ्या द्राक्षाला जो नियम तो हिच्या भाजीला पण. हे ते इतक्या पटकन म्हणाले याचं मला फार बरं वाटलं.

दुसरा पर्याय होता सगळी पानं बुंध्यापासून दोन बोटं वर छाटून टाकायची आणि नवीन फुटवा घ्यायचा. चार्डला हे चालतं, गड्ड्याचा मधला कोंब शाबूत राहिला तर तो पुन्हा फुटतो. वहिनींचा कल याकडे होता. पण नवीन पानं यायची ती पुन्हा त्याच पावसात, आणि जमिनीवर जुनी ठिपकेवाली पानं पडलेलीच.

तिसरा पर्याय वर प्लॅस्टिक टाकायचा, म्हणजे पाऊस थेट पानावर पडणार नाही. उपाय बरोबर, पण वीस किलोच्या ऑर्डरसाठी ऑगस्टच्या मध्यात चार गुंठ्यांवर सांगाडा उभा करायचा खर्च कुठल्याच हिशोबात बसत नव्हता.

चौथा, उपटून टाकायचं आणि पाऊस गेल्यावर नव्याने सुरू करायचं. यात बियाण्याचे पैसे आणि दोन महिने गेले असं धरायचं, आणि मुख्य म्हणजे शेफला नाही म्हणायचं. वहिनींना हे सगळ्यात जड जात होतं. पैशापेक्षा शब्द दिलाय याचं त्यांना वाईट वाटत होतं.

काय केलं

एकदम एकच निर्णय झाला नाही. बीटच्या बाजूचे अडीच गुंठे लगेच उपटले. लांबच्या दीड गुंठ्यात वहिनींनी छाटणी करून पाहायची ठरवली, मीही म्हटलं करा, खाली पडलेलं पान न् पान उचला, बांधावरचा चाकवत काढा, आणि दोन आठवडे बघा. नवीन फुटवा छान आला, आठ-दहा दिवस पानं स्वच्छ होती, परत झड आली आणि परत ठिपके. सप्टेंबरच्या सुरुवातीला तोही तुकडा उपटला. दोन आठवडे फुकट गेले असं मी म्हणणार नाही, कारण त्यानंतर वहिनींच्या मनात पावसाळ्याबद्दल शंका उरली नाही, माझ्या सांगण्याने ती गेली नसती.

उपटलेला माल गांडूळखताच्या बेडमध्ये टाकायला त्यांचा माणूस निघाला होता, त्याला थांबवलं. ही बुरशी वाळलेल्या पानांच्या कचऱ्यात टिकून राहते, तेच खत पुन्हा वाफ्यात आलं की सगळं पहिल्यापासून. भाजीच्या तुकड्यापासून लांब, द्राक्षाच्या पलीकडे खड्डा घेऊन पुरला. आणि त्या चार गुंठ्यांत पुढची दोन वर्षं तरी बीट, पालक, चार्ड यातलं काहीच नाही असं ठरलं, तिथे मेथी, घेवडा, कांदापात असं फिरतं ठेवायचं.

शेफशी बोलायला वहिनी स्वतः गेल्या, फोन नाही केला. सरळ सांगितलं की नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत चार्ड मिळणार नाही, आणि पुढेही दरवर्षी पावसाळ्यात नसेल, आणि सोबत लाल माठाच्या चार जुड्या घेऊन गेल्या, म्हणाल्या तुम्हाला रंगच हवाय ना, हा आमच्याकडे पावसाळ्यात उत्तम येतो. शेफने माठ घेतला, थोडा, पण घेतला. मला विचाराल तर ही ऑर्डर इथेच वाचली.

दुसरी लागवड

आता या वेळी घाई नव्हती. परतीचा पाऊस ऑक्टोबरच्या सुरुवातीला कधी संपतो ते धरून उलट मोजलं. रोपं ट्रेमध्ये करायची ठरली, कारण ऑक्टोबरची दुपार बत्तीस-तेहतीसला जाते आणि उघड्या वाफ्यात कोवळं रोप होरपळतं, शिवाय पाऊस लांबला तर ट्रे शेडमध्ये सुरक्षित. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बियाणं एक रात्र पाण्यात भिजवून कोकोपीटमध्ये, सेंटिमीटरभर खोल.

चार्डचं बी म्हणजे एक बी नसतं, खडबडीत गोळीसारखं असतं आणि आत दोन-तीन, कधी चार बिया. म्हणजे एका खळग्यात एक टाकलं तरी रोपांचा झुपका येतो. जूनमध्ये विरळणी झालीच नव्हती, जिवंत रोप उपटायचं म्हणजे वहिनींच्या जिवावर यायचं, त्यामुळे झाडं दाट आणि मध्ये वारा नाही, ओल टिकून राहिली. या वेळी एका खळग्यात एकच धट्टंकट्टं रोप ठेवून बाकीची कात्रीने बुडातून कापली, ओढून काढली तर शेजारच्याचं मूळ हलतं. कापलेली कोवळी पानं सॅलडच्या पाकिटात गेली, म्हणजे तीही विकली गेली आणि वहिनींचं मनही राहिलं.

जागा बदलली, भाजीच्या दुसऱ्या टोकाला, जिथे आधी घेवडा होता. जमीन काळी भारी, पाणी धरून ठेवणारी, म्हणून फूटभर उंच गादीवाफे, भरपूर शेणखत, ठिबक आणि मल्चिंग पेपर, म्हणजे मातीचे शिंतोडे पानावर उडत नाहीत. तुषार लावायचा नाही हे पक्कं. ओळीत फूटभर, दोन ओळींत दीड फूट. आणि क्षेत्र चार गुंठ्यांवरून दोन गुंठ्यांवर आणलं, तेही एकदम नाही, एक गुंठा ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आणि दुसरा नोव्हेंबरच्या मध्यात. वीस किलोच्या ऑर्डरसाठी चार गुंठे हे तसंही फार होते, थंडीआधी एका झाडावरून दर आठ-दहा दिवसांनी तीन-चार मोठी पानं निघतात, गुणाकार करून पाहा.

तोडणी पहाटे, ऊन चढायच्या आत. बाहेरची पानं बुडातून हलकं पिरगाळून काढायची, आतली चार-पाच पानं कायम ठेवायची. चार्ड तोडला की अर्ध्या तासात मान टाकतो, म्हणून बांधावरच पाण्याची बादली ठेवून देठ लगेच पाण्यात, मग ओल्या गोणपाटाखाली क्रेटमध्ये. शहर तासाभरावर आहे हा यांचा मुंबईच्या मालापेक्षा खरा फायदा, आणि तो तोडणीत गमावला तर उपयोग नाही.

थंडीत काय झालं

डिसेंबरच्या मध्यापासून गारठा पडला. निफाडचा पारा महाराष्ट्रात सगळ्यात खाली गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, इकडे तेवढं नसलं तरी पहाटे दहाच्या खाली जातंच. चार्डला याने काही होत नाही, उलट देठांचे रंग गडद झाले आणि चव गोडसर आली. ठिपके जवळजवळ नाहीसे, रात्र थंड आणि हवा कोरडी म्हटल्यावर बुरशीला कामच उरत नाही. सकाळचं दव पडायचं तेवढंच, आणि झाडांत अंतर असल्यामुळे नऊ-दहापर्यंत पानं सुकायची.

पण वाढ मंदावली. आठ दिवसांनी येणारी तोडणी बारा-तेरा दिवसांवर गेली आणि नाताळ-थर्टीफर्स्टच्या गर्दीत हॉटेलला माल जास्त हवा. इथे पुन्हा एक निर्णय होता, युरियाचा हात मारून ढकलायचं का. दादा म्हणाले थोडा टाकू. थंडीत जास्त नत्र दिलं तर पान लुसलुशीत होतं, मावा धावून येतो, आणि वापरलं न गेलेलं नायट्रेट पानात साठतं, पालेभाजीत ते नकोच असतं. म्हणून ठिबकमधून जीवामृत आणि १९:१९:१९ हे विद्राव्य खत अगदी कमी मात्रेत, आणि कमी पडणारा माल दुसऱ्या गुंठ्यातून काढला. टप्प्याटप्प्याने लावल्याचा उपयोग इथे झाला.

जानेवारीत नागअळी आली, पानात पांढऱ्या वेड्यावाकड्या रेषा. ज्या पानात रेषा दिसेल ते तोडून पिशवीत बंद करून उन्हात ठेवायचं एवढंच केलं आणि पिवळे चिकट सापळे लावले, आटोक्यात राहिली.

फेब्रुवारी ते मे

फेब्रुवारीच्या शेवटी काही झाडांनी मधून दांडा वर काढला. चार्ड हे मुळात दोन वर्षांचं झाड, पहिल्या वर्षी पानं, मग थंडी खाल्ली आणि दिवस मोठे व्हायला लागले की फुलावर जायचं. आपली थंडी सौम्य आहे, त्यामुळे सगळी झाडं दांड्यावर जात नाहीत, पण काही जातातच. लाल देठाची जास्त गेली, पांढऱ्या देठाची फारच थोडी. दांडा आलेल्या झाडाची पानं लहान आणि कडवट होतात. वहिनींनी थोड्या झाडांचा दांडा छाटून पाहिला, दहा-पंधरा दिवस मिळाले, मग पुन्हा तेच, शेवटी उपटली.

दोन झाडं त्यांनी बियाण्यासाठी ठेवायची म्हटलं, बियाणं महाग आहे हे खरंच. मी नको म्हटलं. याचे परागकण वाऱ्यावर जातात, खूप लांब जातात, आणि आजूबाजूला पालक आणि बीट फुलावर असलेच तर संकर होऊन पुढच्या वर्षी काय उगवेल ते सांगता येत नाही. रंगीत देठांसाठी भाव मिळतो तिथे ही जोखीम घेण्यात अर्थ नाही.

मार्चमध्ये एकदा अवकाळी झाला, दोन दिवस ढगाळ आणि ओलं, लगेच थोडे ठिपके दिसले. या वेळी वहिनी तयार होत्या, त्याच दिवशी बाहेरची सगळी पानं काढली, खाली काही ठेवलं नाही, पुढे ऊन पडलं आणि ते तिथेच थांबलं. ऑगस्टमध्ये जे चाललं नाही ते मार्चमध्ये चाललं, कारण मागून येणारी हवा कोरडी होती.

एप्रिलपासून ३५ टक्क्यांचं शेडनेट टाकलं. ऊन अडतीस-चाळीसला जायला लागल्यावर भर दुपारी पानं माना टाकायची आणि गडी लगेच पाणी सोडायला धावायचा. माती खणून बघितली तर आत ओल भरपूर. संध्याकाळी पानं आपोआप उभी राहायची. दुपारची मरगळ बघून पाणी देऊ नका, बोट घालून ओल बघा, भारी जमिनीत जादा पाण्याने मूळ कुजतं, हे मी तेव्हा रोज सांगत होते. मेच्या मध्यापर्यंत पानं लहान पण विकण्यासारखी होती. मग पाऊस यायची वाट न बघता सगळं काढून टाकलं आणि तो कचराही लांब पुरला.

हाती काय आलं

नोव्हेंबरच्या शेवटापासून मेच्या मध्यापर्यंत हॉटेलचा माल जवळजवळ सलग गेला, डिसेंबर-जानेवारीत थोडा कमी पडला तेवढाच. चार गुंठ्यांनी जे दिलं नाही ते निम्म्या जागेने दिलं. जूनच्या बियाण्याचा आणि मजुरीचा खर्च यातूनच भरून निघाला.

घरच्या पिशव्यांमध्ये मात्र सुरुवातीला कुणी चार्ड घेईना, हे काय आणि कसं करायचं म्हणून. मग वहिनींनी स्वतःच सांगायला सुरुवात केली, देठ बारीक चिरून आधी फोडणीत टाका, ते शिजायला वेळ लागतो, पानं नंतर, आणि डाळ-दाणे घालून पातळ भाजी करा, अळूची करता तशीच. त्यानंतर मागणी आली. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांना आम्ही आधीच सांगतो की यात ऑक्झलेट भरपूर आहे, डॉक्टरांना विचारा, आणि खायचीच तर उकडून पाणी टाकून द्या, काही प्रमाणात कमी होतं. रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तरी विचारूनच, कारण यात व्हिटॅमिन के खूप असतं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट, नवीन पीक आणि चार गुंठे हे नको होतं. अर्ध्या गुंठ्यात दोन्ही जाती लावल्या असत्या तर ऑगस्टमध्ये हेच कळलं असतं आणि नुकसान नगण्य असतं. ऑर्डर मोठी दिसते तेव्हा क्षेत्र मोठं करायचा मोह होतो, पण आधी झाडामागे किती पानं निघतात ते माहीत नसताना क्षेत्र ठरवायचं तरी कशावर.

दुसरं, शेफला वर्षभर हा शब्द द्यायला नको होता. नाशिकमध्ये चार्डचा हंगाम नोव्हेंबर ते मे एवढा धरून बोलणी झाली असती तर सप्टेंबरचा तो अवघड दिवस आलाच नसता. आणि खरं सांगू का, सहा महिने सलग येणारी परदेशी पालेभाजी हीच मुळात मोठी गोष्ट आहे, लेट्यूस तर मार्चमध्येच फुलावर जातं. त्यात कमीपणा काहीच नव्हता.

तिसरं, बीट शेजारी नको. यावर्षी वहिनींनी पूर्ण भाजीपाल्याचा नकाशा वहीत काढलाय आणि बीट, पालक, चार्ड हे तिन्ही एकच पीक धरून फिरवायचं ठरवलंय. माठ आणि चाकवतही त्यांच्याजवळ नको असं मी त्यात लिहून घेतलं, लांबचे का होईना, त्याच कुळातले आहेत.

ब्राइट लाइट्स आणि फोर्डहुकचं प्रमाण मात्र आमच्यात अजून ठरत नाहीये. शेफला रंग हवा, म्हणून वहिनींना रंगीत जास्त लावायचाय. मला वाटतं निम्मा तरी पांढऱ्या देठाचा हवा, कारण मार्च-एप्रिलमध्ये प्लॉट त्याच्यावरच चालला. दादा म्हणतात रंगीत आधी लावा, पांढरा नोव्हेंबरमध्ये लावा, म्हणजे रंगीत दांड्यावर जाईपर्यंत पांढरा भरात येईल, आणि मला हे बरोबर वाटतंय.

पावसाळ्याचं एक बाकी आहे. वहिनींचं माहेर सिन्नर तालुक्याच्या पूर्वेकडे, तिथे पाऊस इकडच्यापेक्षा बराच कमी. भावाकडे टोमॅटोच्या रोपांसाठी केलेलं एक छोटं प्लॅस्टिकचं छप्पर आहे, बाजू उघड्या, वारा खेळता. या जूनमध्ये तिथे फक्त एक वाफा, ठिबकवर, पांढऱ्या देठाचाच, आणि जवळपास बीट-पालक काही नाही. शेफला याबद्दल अजून सांगितलेलं नाही, पहिली तोडणी डागाशिवाय हातात आल्यावरच सांगायचं असं वहिनींनी ठरवलंय.